प्रश्न तुमचे : समुपदेशकानं कुठं जायचं?

या सदरात एरवी घरच्या कटकटी, मुलांच्या परीक्षा आणि न येणारी झोप यांचीच पत्रं जास्त असतात. या वेळी निवडलेली तिन्ही पत्रं मात्र आमच्याच धंद्याबद्दल आहेत. पहिलं पत्र लांब आहे, तसंच छापतेय.

प्रश्न : ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. एमएसडब्ल्यू करून निपाणी भागात समुपदेशक म्हणून काम करते. आठवड्यातले तीन दिवस कॉलेजवर, तीन दिवस एका संस्थेत. संस्थेत येणाऱ्या बहुतेक जणी विडी कामगार, नाहीतर त्यांच्या मुली-सुना. दारू, मारहाण, बचत गटाचं थकलेलं कर्ज, कधी घरातल्याच माणसानं केलेला अत्याचार. दिवसाला आठ-नऊ जणी होतात, निम्म्या मराठीतून, निम्म्या कन्नडमधून. सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर रडायची. आता समोर बाई रडत असते आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं जातं. रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं. आईवर उगीच खेकसते. चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या काकाकडं बघून ‘हा माणूस घरात कसा वागत असेल’ एवढंच डोक्यात चाललेलं. आई म्हणते, नुसतं ऐकायचा पगार मिळतोय, त्यात दमायचं काय? संस्थेतल्या मॅडम म्हणतात, ध्यान कर. मी या कामाला नालायक आहे का?
— एक समुपदेशक, निपाणी

उत्तर : राग मानू नकोस, तुला ‘तू’च म्हणते.

बसून ऐकणं ही मेहनत आहे हे आईला पटवायच्या भानगडीत पडू नकोस. माझ्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. शाळेत शिकवणारी माझी बहीण घरी ‘दमून’ यायची आणि मी ‘बसून’ यायची. तेव्हा ते राहू दे.

तुझ्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत. घड्याळ हे एक आणि नवरदेवाचा काका हे दुसरं. उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी दोन्ही सोडवून घेऊ.

घड्याळाला आमच्याकडं बर्नआउट म्हणतात. हा शब्द आमच्या क्षेत्रात रुजवला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं, 1974 मध्ये. हा माणूस न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःचे पेशंट बघायचा आणि संध्याकाळी मोफत दवाखान्यात जायचा. तिथले स्वयंसेवक झिजत चाललेले त्यानं बघितले, आणि त्या झिजणाऱ्यांत तो स्वतःही होता. पुढं क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याचे तीन भाग सांगितले. भावना आटून जाणारा थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही समजूत. रविवारची धडधड पहिल्यात बसते, घड्याळ दुसऱ्यात, आणि तिसरं तर तू मला प्रश्न म्हणूनच विचारलं आहेस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये याची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा, वेळीच न आवरलेला ताण साचत गेला की हे होतं, असं म्हटलंय. मग औषधही कामाच्या ठिकाणीच शोधायला हवं की नको? ध्यान जरूर कर, मीही करते. पण ध्यानानं नवव्या बाईची आठवी होत नाही.

काकाचं प्रकरण वेगळं. दुसऱ्यावर झालेल्या अत्याचाराची हकीकत रोज मन लावून ऐकणाऱ्याच्या मनात जगाचं चित्रच हळूहळू बदलत जातं. कुणावर विश्वास ठेवावा, घर सुरक्षित असतं का, पुरुष कसे असतात, या सगळ्याची उत्तरं आतल्या आत बदलतात. मॅककान आणि पर्लमन या दोघींनी 1990 मध्ये हे नीट मांडलं. हे सुट्टीनं जात नाही. चार दिवस गोव्याला जाऊन आलीस तरी तो काका तिथं बीचवर दिसणारच. हे कुणाशी तरी बोलूनच सुटतं, आणि तो ‘कुणी’ या कामातला माहीतगार लागतो.

आता आधी आकडा. संस्थेतल्या मॅडमकडं ‘मला झेपत नाही’ म्हणून जाऊ नकोस. कागद घेऊन जा. गेल्या महिन्यात किती जणी आल्या, त्यातल्या किती मारहाणीच्या आणि अत्याचाराच्या, दोन सेशनच्या मध्ये किती वेळ मिळाला, हे लिहून ने. मी स्वतः दिवसाला पाचाच्या पुढं घेत नाही, आणि जड प्रकरणं लागोपाठ ठेवत नाही. मध्ये एखादा दहावीचा पोरगा, एखादं लग्नाआधीचं जोडपं असं घालते. तुझ्याकडं ते शक्य आहे, कारण कॉलेजची पोरंही आहेत. कर्ज, कागदपत्रं, पेन्शन अशा कामाला येणाऱ्या बायकांना गटानं बसवता येतं, त्यासाठी समुपदेशकाचा एकांत लागत नाही. मॅडम म्हणतील, अहवालात आकडे दाखवावे लागतात. लागू देत. सहावीला उद्याची वेळ दिली म्हणून आभाळ कोसळत नाही. जिचा जीव आजच धोक्यात आहे ती अर्थातच या हिशेबाच्या बाहेर.

दोन सेशनच्या मधल्या दहा मिनिटांचं मला फार आहे. माझी खोली बेळगावच्या वडगावात आहे. भिंतीपलीकडं यंत्रमाग चालतात, दिवसभर खटखट. नवीन येणाऱ्याला त्रास होतो, मला तो आवाज देवासारखा वाटतो, कारण आमचं बोलणं पलीकडं कुणाला ऐकू जात नाही. तर एक जण उठून गेला की मी त्यानं पाणी प्यायलेला पेला स्वतः विसळते. खुर्ची जागेवर सरकवते. मग वहीत दोनच ओळी लिहिते. एक, आता माझ्या अंगात काय चाललंय. मान आखडली, घसा दाटला, राग आला, जे असेल ते. दुसरी, यातलं माझं किती. परवा एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात ठेवण्याबद्दल बोलत होते, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. तो त्यांचा नव्हता, माझा होता. लिहिल्यावर तो वहीत राहिला आणि पुढच्या माणसाच्या अंगावर गेला नाही. आणि हो, बाथरूमला जाऊन ये. हसू नकोस. आमच्या धंद्यातली निम्मी चिडचिड तिथून येते.

ऐकत असताना काय करायचं, हेही सांगते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1957 मध्ये लिहिलंय की समोरच्याचं जग जणू आपलंच आहे असं अनुभवावं, पण त्यातलं ‘जणू’ हातचं सुटू देऊ नये. तुझं सुरुवातीचं रडणं म्हणजे ‘जणू’ सुटलेलं. आत्ताचं घड्याळ म्हणजे नुसतं ‘जणू’ उरलेलं. मला स्वतःला उपयोगी पडतं ते अगदी साधं आहे. बाई बोलत असताना मी तळपाय फरशीवर टेकलेत का ते बघते. वडगावची फरशी गार असते, पायाला लगेच कळतं आपण कुठं आहोत.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या पत्रात आई आहे, मॅडम आहेत, चुलतबहीण आहे, पण तू तुझ्या केसेस घेऊन जिच्याकडं जातेस अशी कुणी व्यक्ती नाही. म्हणजे सुपरविजन नाही. तुझ्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला हेच वाटलं, जे तू लिहिलंच नाहीस. ब्रिटनमधली समुपदेशकांची मोठी संघटना बीएसीपी आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सुपरविजन घ्यायलाच लावते, मग त्याचे केस पांढरे झालेले का असेनात. आपल्याकडं कुणी लावत नाही, म्हणून आपणच लावून घ्यायचं.

माझ्या सुपरवायजर बाई कोल्हापुरात असतात. पूर्वी मी एसटीनं जायची. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या गाड्या बंद पडतात, मग फोनवर बसायचो, आता बहुतेक वेळा व्हिडिओवरच. त्यांचा पहिला प्रश्न कधीच क्लायंटबद्दल नसतो. ‘ती बाई गेल्यावर तू काय खाल्लंस?’ असं विचारतात. जेवणच विसरले असेन तर त्या बाईबद्दल अर्धा तास जास्त बोलायचं. मग हळूहळू बाहेर येतं. हिची वेळ संपली तरी मला उठवेना, त्याचा फोन आला की मला कंटाळा येतो, असं. त्या सल्ला फारसा देत नाहीत. मी काय केलं ते माझ्याकडूनच वदवून घेतात.

तिथं काय काय न्यावं लागतं म्हणून सांगू! एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, एका मराठी घरात काळा दिवस असतो आणि शेजारच्या कन्नड घरात राज्योत्सव. माझ्या खोलीत दोन्ही घरची माणसं येतात. मी मराठी आहे, मलाही मतं आहेत, लहानपणापासूनची आहेत. समोर बसलेला कन्नड पोरगा नोकरी गेल्याचं सांगता सांगता सहज ‘तुम्ही मराठी लोक’ म्हणून गेला तर माझ्या आत काहीतरी हलतंच. ते त्याच्यासमोर काढायचं नसतं आणि गिळायचंही नसतं. ते कोल्हापूरला न्यायचं. तू दोन भाषांत काम करतेस, तुझ्याकडंही हे असणार.

तुला कुठं मिळेल? धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथं शिकून बाहेर पडलेली अनुभवी मंडळी हुबळी-धारवाडात आहेत. कोल्हापूर तर निपाणीच्या उशाशी. फी परवडत नसेल तर तोपर्यंत गट कर. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, पलीकडं गडहिंग्लज, एवढ्या टापूत तुझ्यासारखे चार-पाच जण सापडतील. मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना असं एकत्र बसवलं होतं. एकानं पेशंटची हकीकत सांगायची आणि बाकीच्यांनी रोगापेक्षा डॉक्टर-पेशंटमध्ये काय चाललंय त्यावर बोलायचं. असे गट अजून जगभर चालतात. नियम एकच, पण कडक पाळायचा. नाव नाही, गाव नाही, आडनाव तर नाहीच. आपल्याकडं आडनाव सांगितलं की गाव कळतं आणि गाव कळलं की घर.

आणि डोक्यातला तो काका एवढ्यानं गेला नाही तर तू स्वतः थेरपी घे. फ्रॉइडनी 1937 मध्ये लिहून ठेवलंय की विश्लेषकानं दर पाचेक वर्षांनी पुन्हा स्वतः विश्लेषणाला बसावं आणि त्याची लाज वाटू देऊ नये. एकच बघ, ज्या बाईकडं जाशील ती तुझ्या हळदीकुंकवाच्या वर्तुळातली नको. ऑनलाइन, जिल्ह्याबाहेरची बघ.

हळदीकुंकवावरून आठवलं. लहान गावात आपली माणसं रस्त्यात भेटतात. भाजी घेताना, गणपतीच्या मांडवात, बसमध्ये शेजारच्या सीटवर. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, ‘बाहेर दिसलात तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर हसेन.’ तरी माणसं दुखावतात. ‘मॅडम, खडेबाजारात तुम्ही तोंड फिरवलात ओ,’ असं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घे, पण नियम सोडू नकोस, तो त्यांच्यासाठी जितका आहे तितकाच तुझ्यासाठीही आहे. नाहीतर शनिवारच्या बाजारातही तू ड्युटीवरच. नातेवाइकांच्या केसेस घ्यायच्या नाहीत, मग आत्या वर्षभर बोलली नाही तरी चालेल.

रात्रीचा फोन बंद. ज्यांची काळजी वाटते त्यांच्या वहीत 14416 लिहून दे. टेली-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते. रात्री दोन वाजता तू एकटी निपाणीचा आधार नाहीस.

छंदाबद्दल मुद्दाम कमी लिहितेय. मी सकाळी व्हॅक्सिन डेपोत झाडांखालून फिरते. बरोबर बँकेतून रिटायर झालेली एक मैत्रीण असते, तिला मानसशास्त्रात काडीचा रस नाही. टोमॅटो, जावयाची बदली आणि रस्त्यावरचे खड्डे एवढंच बोलतो. छान वाटतं. पण छंद हा उपचार नव्हे. तंबोरा लावून बसलीस म्हणून नऊ बायका पाच होणार नाहीत.

प्रश्न : माझी पत्नी समुपदेशक आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडं येणारा एक मुलगा गेला, त्यानं स्वतःच जीव दिला, एवढंच तिनं सांगितलं. तेव्हापासून घरी गप्प असते, रात्री कागद काढून बसते. मी म्हटलं मयताला तरी जाऊन ये, मन हलकं होईल, तर माझ्यावरच चिडली. मी काय करू?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : तुम्ही चांगल्या मनानंच म्हणालात. पण ती तिथं गेली असती तर दारातच कुणीतरी विचारलं असतं, ‘तुम्ही कुणाच्या?’ काय सांगणार? तो मुलगा तिच्याकडं येत होता हे घरच्यांना माहीत नसेल, तर तो गेल्यावरही ते तिनं सांगायचं नसतं. आमच्या कामात माणूस गेला तर आम्हाला मयत नाही, बारावं-तेरावं नाही, कुणी भेटायला येत नाही. ऑफिसातही दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुढचा माणूस येऊन बसतो.

ती रात्री कागद काढते म्हणजे जुन्या नोंदी वाचत असणार. काय चुकलं, कुठल्या दिवशी कळायला हवं होतं. प्रत्येक जण ते करतो. फक्त ते रात्री आणि एकटीनं करू नये. तिच्या सुपरवायजरबरोबर दिवसाउजेडी एकदा सगळं शांतपणे बघावं. सुपरवायजर नसेल तर तिच्याहून अनुभवी, असा प्रसंग भोगलेल्या कुणाशी बोलावं. पुढचे काही आठवडे जीव द्यायचे विचार बोलून दाखवणारे नवे क्लायंट तिनं दुसरीकडं पाठवले तर ते पळून जाणं नाही.

तुम्ही तिला ‘काय झालं’ विचारू नका, तिला सांगता येत नाही. ‘जेवलीस का’ विचारा. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास तिच्यापुढं घरातला कुठलाही प्रश्न ठेवू नका, आणि भावकीतल्या जमिनीच्या वादात ‘तू समजावून सांग, तुझं शिक्षणच त्यातलं’ म्हणून तिला तर मुळीच पुढं करू नका. माझ्या ओळखीच्या बहुतेक जणींची खरी तक्रार क्लायंटपेक्षा याचीच असते. त्या मुलाच्या नावानं तिला काही करावंसं वाटलं, दिवा लावावा, झाड लावावं, तर तुम्ही सोबत उभे राहा आणि नाव विचारू नका. झोप आणि जेवण दोन्ही महिनाभर उडालेलं असेल, किंवा ती स्वतःच जगण्याबद्दल निरवानिरवीचं बोलू लागली, तर मात्र थांबू नका, तिला डॉक्टरकडं घेऊन जा. समुपदेशक असली म्हणून तिला वेगळा नियम नाही.

प्रश्न : मी बेळगावात एका मॅडमकडं वर्षभर जातोय, फरक आहे. मागच्या खेपेला त्या बोलता बोलता म्हणाल्या की त्या स्वतःही कुणाकडं तरी जातात आणि केसेसची चर्चाही करतात. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या घरातली गोष्ट तिसऱ्याला कळली का? आणि ज्यांचं स्वतःचंच मन ठीक नाही त्या माझं काय बघणार? ता. क. — पुढच्या वेळी थोडी रताळी नेली तर चालतील का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : तुमची गोष्ट गुप्त ठेवणं ही त्यांची मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो कलम 23 मध्ये लिहिलाय. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टानं मागितलं तर, असे थोडे अपवाद आहेत. वरिष्ठांशी चर्चा करताना नाव, गाव, धंदा बदलून बोलायचं असतं. ‘पन्नाशीचे एक गृहस्थ, थोरल्या भावाशी बोलणं बंद’ इतकंच. तरी तुमच्या मनात आलंय तर पुढच्या वेळी त्यांनाच सरळ विचारा, ‘माझ्याबद्दल काय काय सांगता?’ त्यांनी तोंड वाकडं केलं तर मला परत पत्र लिहा. नीट उत्तर दिलं तर त्या दिवसापासून तुम्हाला झोप लागेल असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या शंकेबद्दल. दात काढणाऱ्या डॉक्टरालाही स्वतःचा दात काढायला दुसऱ्याकडंच जावं लागतं. तुमच्या मॅडम कुणाकडं तरी जातात हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, यात मला तरी काळजीचं काही दिसत नाही. ज्या कुणाकडंच जात नाहीत त्यांच्याबद्दल मी दोनदा विचार केला असता.

रताळ्यांचं त्यांना विचारूनच न्या, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. माझ्याकडं पश्चिम भागातून येणारी माणसं सुगीत आणतातच. पिशवीभर असतील तर मी घेते आणि खालच्या वॉचमनबरोबर वाटून खाते. पोतं आणलं तर परत पाठवते, आणि फी आहे तेवढीच घेते.